साधंच पाणी

परतीच्या प्रवासात, विमानतळावर सामान तपासणीच्या पट्ट्यापाशी एका तरुण मुलीनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून अर्ध्या लिटरची बाटली बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली. मागं मोठी रांग होती. कुणी कमरेचा पट्टा काढत होतं, कुणी बूट, कुणाचं तरी लहान मूल कळवळून रडत होतं. असं पाणी नेता येत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. बाटली मोठ्या बॅगेत जायची होती, पण झाकण सैल असलं तर कपडे भिजतील म्हणून रात्री ती बाजूला काढून ठेवली आणि पहाटेच्या घाईत हाताला लागली तशी पिशवीत टाकली. ती मुलगी शांत होती. तिनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, पाणी. ती म्हणाली, हवं तर इथंच पिऊन टाका, थांबते मी. आणि मी म्हटलं, नको, असू दे, साधंच पाणी आहे. तिनं शेजारच्या पिंपाकडं बोट केलं. आधीच पडलेल्या बाटल्यांवर माझी बाटली आपटल्याचा पोकळ आवाज झाला आणि मी पुढं सरकले.

ते पाणी ग्रीसमधल्या कास्तालिया नावाच्या झऱ्याचं होतं.

ते माझ्यासाठी नव्हतं, वाईच्या आत्यासाठी होतं. आत्यानं बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तेवढीच वर्षं कविता लिहिल्या. दोनशेपानी वह्यांत, निळ्या शाईनं, समासात तारीख घालून. छापायला कधी कुठं पाठवल्या नाहीत. काका गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून वही उघडलेली नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "सुचत नाही गं." त्यात तक्रारीचा सूर नव्हता, नळाला पाणी नाही आलं आज, असं सांगावं तसं सांगितलं. पंख असलेल्या घोड्याची गोष्ट मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकली होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत, गच्चीवर अंथरुणं घातल्यावर. घोड्यानं खूर आपटला आणि डोंगरातून झरा फुटला, आणि त्याचं पाणी जो पिईल तो कवी होईल. मी ग्रीसला चाललेय म्हटल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "तिथलं पाणी आण थोडं. काशीहून गडू आणतात ना, तसं." तिच्या देवघरात तसा एक गडू आहे, तांब्याचा, तोंड डाख लावून बंद केलेला, तिच्या सासूबाईंनी आणलेला. तो आजवर फुटलेला नाही. तो कशासाठी राखून ठेवलाय हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

अथेन्सहून डेल्फीला, जिथं पूर्वी अपोलो देवाला कौल लावायचे तिथं, बसनं तीन तास लागतात. थीब्ज मागं पडलं की डावीकडं एक लांबलचक, फिकट निळा डोंगर सुरू होतो आणि बराच वेळ सोबत येत राहतो. तो हेलिकॉन. उंची 1,749 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी जास्तच. मी नाव वाचून इतकी वर्षं काढली होती की त्याला झाडं असतील, त्याच्या पायथ्याशी कापसाची शेतं असतील आणि शेतात ट्रॅक्टर उभा असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. याच डोंगराच्या कुशीतल्या आस्क्रा नावाच्या खेड्यात, इसवीसनपूर्व 700 च्या आसपास हेसिऑड हा कवी मेंढरं राखायचा. आपल्या गावाबद्दल त्याचं मत काही फार बरं नव्हतं: हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात हाल, चांगलं कधीच नाही. त्याचा बाप समुद्रापलीकडून गरिबीला कंटाळून इथं येऊन राहिला होता आणि भाऊ वाटणीवरून भांडत होता. अशा माणसाला डोंगरावर म्यूझ भेटल्या, गाण्या-कवितेच्या देवता, नऊ बहिणी, देवांचा राजा झ्यूस याच्या लेकी. त्या गडद झऱ्याभोवती कोवळ्या पायांनी नाचतात, हिप्पोक्रीनीच्या झऱ्यात अंग धुतात आणि रात्री धुक्यात गुरफटून गात खाली उतरतात, असं त्यानंच लिहून ठेवलंय. त्याला त्यांनी आधी शिव्या घातल्या. रानातल्या मेंढपाळांनो, नुसती पोटं तुम्ही! आम्हांला खऱ्यासारखं दिसणारं खोटं पुष्कळ सांगता येतं, आणि मनात आलं तर खरंही सांगता येतं. मग त्याच्या हातात लॉरेलची हिरवी फांदी दिली आणि त्याच्यात आवाज फुंकला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. हेसिऑड पाणी प्यायलाच नव्हता.

झरा तिथं आहे, पण तो त्या बहिणींचा आहे, त्यांच्या अंघोळीचा, नाचाचा. मेंढपाळाला मिळते ती फांदी आणि श्वास. झऱ्याचं पाणी प्यायलं की कविता येते, हे नंतरच्या कवींनी ठरवलं. सुमारे साडेचारशे वर्षांनी कॅलिमॅकस अलेक्झांड्रियासारख्या मोठ्या शहरात, ग्रंथालयाच्या सावलीत राहून स्वप्नात हेलिकॉनवर गेला. त्याच्या मागून रोमचे कवी गेले. प्रोपर्टियस स्वप्नात त्या घोड्याच्या झऱ्याला तोंड लावायलाच निघतो आणि अपोलो त्याला हटकतो, की हा प्रवाह तुझ्यासाठी नाही. वाईन पिणारे कवी आणि पाणी पिणारे कवी असे दोन तटही पडले आणि पाणी पिणाऱ्यांच्या कविता फार दिवस टिकत नाहीत, असं होरेसनं एका जुन्या ग्रीक नाटककाराच्या नावावर सांगून टाकलं. मला यातलं सगळंच वाचायला आवडतं, पण माझा जीव त्या मेंढपाळाजवळ आहे. तो झऱ्यावर कवी व्हायला गेलाच नव्हता. मेंढरांना पाणी लागतं म्हणून गेला असणार. जनावरं पाणी पिईतोवर राखणाऱ्याला दुसरं काय काम असतं? काठी टेकून थांबायचं.

घोड्याचं सांगायचं राहिलं. मेड्युसा या सापांच्या केसांच्या राक्षसीचं मुंडकं उडवलं तेव्हा तिच्यातून पेगॅसस हा पंखांचा घोडा बाहेर पडला. त्याचं नाव हेसिऑड ग्रीकमधल्या झऱ्याच्या शब्दावरून लावतो, कारण तो ओशनच्या, म्हणजे महासागराच्या झऱ्यांजवळ जन्मला. म्हणजे घोड्याच्या नावात झरा आणि हिप्पोक्रीनी या झऱ्याच्या नावात घोडा. खूर का आपटला याची एक कथा आत्याच्या गोष्टीत नव्हती, ती मला पुढं सापडली. पिएरस राजाच्या नऊ मुलींनी म्यूझना गाण्यात आव्हान दिलं. त्या मुली गायल्या तेव्हा अंधारून आलं, कुणी ऐकेना. म्यूझ गायल्या तेव्हा आकाश, तारे, समुद्र, नद्या जागच्या जागी थांबल्या आणि हेलिकॉन आनंदानं फुगू लागला, वर वर, आभाळाला टेकेपर्यंत. शेवटी समुद्रदेव पोसायडनच्या सांगण्यावरून पेगॅससनं त्याच्या शिखरावर खूर मारला आणि डोंगर थांबला. गाणं ऐकून डोंगराचा ऊर भरून येतो आणि भरून आलेला ऊर कुणीतरी टोचावा लागतो, तेव्हा पाणी येतं. याहून वेगळं मला तरी कधी काही जाणवलेलं नाही.

आमच्या गावच्या विहिरीतला गाळ काढला तो उन्हाळा आठवतो. मी आठ-नऊ वर्षांची असेन. चार दिवस पाट्या भरभरून काळा, आंबूस वासाचा चिखल वर येत होता आणि विहीर नुसतीच खोल होत होती, कोरडी. वडील काठावर बसून होते, बोलत नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी खालून पहारीचा आवाज बदलला आणि मग एक ओरड वर आली, "फुटला! फुटला!" आम्ही सगळे कठड्यावर ओणवलो. खाली काही दिसत नव्हतं, नुसती एक ओली रेघ, दगडाच्या फटीतून. पण तिच्याकडं बघून माझी आजी रडली. "जिवंत झरा आहे हो," ती सगळ्यांना सांगत सुटली. आपण झऱ्याला जिवंत म्हणतो. आणि झरा फुटतो तशीच आपल्याकडं वाचा फुटते, कंठ फुटतो, मुक्याला शब्द फुटतो. ग्रीकांना त्यासाठी पंखांचा घोडा लागला, आमच्या गावाला एक पहार पुरली, पण खडकातलं पाणी आणि गळ्यातला आवाज एकाच क्रियापदानं बाहेर येतो, हे दोन्हीकडच्या माणसांना कळलेलं होतं.

दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी हेलिकॉनवर हिंडला आणि दिसेल ते लिहून ठेवत गेला. म्यूझच्या राईकडं जाताना डावीकडं अगानिपीचा झरा, राईपासून वीस स्टेडिया, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर वर चढलं की हिप्पोक्रीनी. त्या झऱ्यापाशी तिथल्या लोकांनी त्याला शिशाचा एक पत्रा दाखवला. त्यावर हेसिऑडची शेतीवरची, कष्टावरची कविता कोरलेली होती. बरीचशी अक्षरं काळानं खाल्लेली. त्या गावकऱ्यांचं ठाम मत होतं की हेसिऑडनं तेवढी एकच कविता लिहिली, आणि तिच्या सुरुवातीचं म्यूझचं स्तवनसुद्धा त्याचं नव्हे. मला हे दृश्य सोडवत नाही. ज्या पाण्याच्या काठी देवतांनी त्याला आवाज दिला म्हणतात, तिथंच उभं राहून त्याच्याच मुलखातली माणसं सांगतायत, ते देवतांचं सोडा, ही नांगरणी-पेरणीची कविता आमची. आज त्या झऱ्याला क्रिओपिगाडी म्हणतात, थंड विहीर. मला वर चढून जायला वेळ नव्हता. बसच्या काचेतून बघत राहिले, एवढंच.

डेल्फीला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. पार्नासस डोंगराचे दोन प्रचंड कडे तिथं समोरासमोर येतात, फेड्रिआडिस, म्हणजे झळाळणाऱ्या. ऊन पडलं की खरंच झळाळतात, बघवत नाहीत. दोन्हींच्या मधल्या घळीत कास्तालिया. मी वाचून गेले होते, म्हणून कुंपण बघून धक्का बसला नाही, तरी वाईट वाटलं. वरून दरड कोसळते म्हणून वरच्या कुंडाकडं जाऊ देत नाहीत. जाळीतून दिसतात खडकात कोरलेले कोनाडे, नैवेद्याचे, वाहिलेल्या वस्तूंचे. त्यातल्या मोठ्या कोनाड्यात पुढं ख्रिश्चनांनी सेंट जॉनचं छोटं देऊळ थाटलं होतं. देव बदलले, कोनाडा तोच राहिला. पाणी मात्र कुंपण मानत नाही. ते खालून वाट काढत रस्त्याच्या कडेला येतं, चिनारासारख्या मोठ्या पानांच्या झाडांखाली, आणि तिथं ते कुणालाही मिळतं. पार्नाससवर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी चुनखडीच्या भेगांतून उतरत उतरत येतं. माझ्यापुढं एक म्हातारेबुवा पाच-पाच लिटरचे कॅन भरत होते. त्यांनी हातानंच मला पुढं बोलावलं. मी ओंजळ धरली. मे महिना, वर ऊन, आणि पाणी असं की बोटांची पेरं दुखली. ओंजळभर प्यायले, तोंडावर मारलं, मानेवरून एक ओघळ पाठीत गेला. मग बाटली भरली. झाडांत सिकाडा नावाचे किडे असे काही कर्कश ओरडत होते की पाण्याचा आवाज ऐकायला खाली वाकावं लागत होतं. सिकाडा म्हणजे पूर्वीची माणसं, असं प्लेटोचा सॉक्रेटिस अशाच एका झऱ्याकाठी, पाय पाण्यात सोडून सांगतो. म्यूझ जन्मल्या आणि गाणं जगात आलं, तेव्हा काही माणसं गाण्यात इतकी रंगली की खाणंपिणं विसरली आणि आपण मेलोय हेही त्यांना कळलं नाही.

इथं पिथिया, म्हणजे देवाचा कौल सांगणारी पुजारीण, अंगावर पाणी घेऊन मगच देवळात जायची. कौल लावायला आलेली माणसंही आधी इथं शुद्ध व्हायची. देवळाजवळ दुसरा एक झरा होता, कासोटिस, त्याचं पाणी जमिनीखालून गाभाऱ्यात जातं आणि बायकांच्या तोंडून देव बोलवतं, असं पॉसेनियसला सांगितलं गेलं. प्लुटार्क डेल्फीत पुजारी होता. झऱ्याच्या काठी पूर्वी म्यूझचं ठाणं होतं, असं तो लिहितो. आणि कौल पुष्कळदा पद्यात येत, म्हणजे पाणी, देव आणि वृत्त हे तिघं इथं एकाच घरात राहत होते. डेल्फीच्या नावावर एक छोटं पद्य आहे: स्वच्छ मनानं ये, चांगल्या माणसाला एक थेंब पुरतो, वाईटाला अख्खा महासागरही धुऊ शकणार नाही. आपल्याकडं तीर्थी धोंडा पाणी म्हणतात, तेच की हे! पण लक्षात घ्या, तसं म्हणणारी माणसंही तीर्थाला जायची थांबली नाहीत. धोंडा आणि पाणी, एवढंच आहे, हे माहीत असूनही जायचं. मी त्या रस्त्याच्या कडेला ओली ओंजळ घेऊन उभी होते तेव्हा माझ्यासमोरही तेवढंच होतं.

एक गोष्ट मात्र मला तिथं टोचत राहिली आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ग्रीक कथांत झरा म्हणजे बहुतेक वेळा एक बाई असते. कास्तालिया ही मुलगी. अपोलो पाठीस लागला म्हणून तिनं या पाण्यात उडी घेतली, असं एका कथेत आहे. अरेथूसा एका नदीदेवापासून पळाली ती समुद्राखालून थेट सिसिलीत जाऊन वर आली. कॉरिंथची पिरीनी आपल्या मेलेल्या मुलासाठी इतकी रडली की ती स्वतःच झरा झाली, आणि त्याच पाण्यावर पेगॅसस प्यायला यायचा. मग अपोलो कवितेचा देव झाला आणि त्याच्यापासून पळालेल्या मुलीचं पाणी कवींची स्फूर्ती झालं. तिच्या जागी बसून हे ऐकलं तर कसं वाटेल? कवितेच्या मुळाशी कुणाचा तरी जीव मुठीत धरून पळणं आहे, ते पाणी गोड लागतं आणि घशाशी येतंही. आत्याची वही का बंद पडली, हे मला त्या उन्हात पहिल्यांदा थोडंसं उमगल्यासारखं झालं. तिच्याही आत काहीतरी झरा होऊन वाहतंय, पण ते प्यायला ती तयार नाही.

रात्री हॉटेलच्या गॅलरीत बसून मी बाटलीकडं बघत होते आणि सहज एक गोष्ट मनात आली. तहान लागते ती मला. आठवण येते ती मला. कविता सुचते तीही मला. मराठीत मी तहानत नाही, मी सुचत नाही. या तिन्ही गोष्टी मी करत नाही, त्या माझ्याकडं येतात आणि मी नुसती त्यांच्या वाटेवर असते. आत्या म्हणाली होती, सुचत नाही गं. तिनं मी लिहित नाही असं म्हटलं नव्हतं. आणि ग्रीकांनी या तिन्हींना एकाच ठिकाणी बसवलं: झरा, म्हणजे तहान. त्याच्या काठी म्यूझ, म्हणजे कविता. आणि म्यूझची आई कोण, तर म्नेमोसिनी. स्मृती. नऊ रात्री झ्यूस तिच्यापाशी राहिला आणि तिला नऊ मुली झाल्या. पिंडार हा कवी एका गीताच्या शेवटी म्हणतो, मी त्यांना दिर्की झऱ्याचं पवित्र पाणी पाजीन, स्मृतीच्या लेकींनी थीब्जच्या वेशीपाशी वर आणलेलं. गाण्यालाच तो पाणी म्हणतोय.

म्हणूनच परतीच्या वाटेवर लिवाडियाला उतरले. बस तिथून जाते आणि लोक सहसा उतरत नाहीत. गावाच्या वरच्या अंगाला हर्किना नावाची ओढ्याएवढी नदी डोंगरातून निघते, काठाला कॅफे, पाण्यात बदकं, पोरं दगड टाकतायत. वर खडकात पुन्हा तेच कोनाडे. इथं ट्रोफोनियसचं दैवत होतं, जमिनीखालचं. त्याच्याकडं जाणाऱ्यानं काही दिवस व्रत धरायचं, ऊन पाणी अंगावर घ्यायचं नाही, फक्त या नदीत अंघोळ. मग एका रात्री तेरा-चौदा वर्षांचे दोन मुलगे त्याला नदीवर नेऊन तेल लावत, न्हाऊ घालत आणि पुजारी त्याला शेजारी-शेजारी असलेल्या दोन झऱ्यांपाशी उभं करत. आधी लीथीचं पाणी, म्हणजे विस्मरणाचं. आतापर्यंत डोक्यात जे जे होतं ते सगळं जावं म्हणून. मग म्नेमोसिनीचं. खाली जे दिसेल ते राहावं म्हणून. मग मधाच्या पोळ्या हातात घेऊन, पाय पुढं करून एका अरुंद बिळातून आत. बाहेर यायचं तेही पाय पुढं करूनच. वर आल्यावर त्याला एका आसनावर बसवत, त्याचं नाव स्मृतीचं आसन, आणि विचारत: काय पाहिलंस, काय ऐकलंस? तेव्हा तो भीतीनं गारठलेला असे, स्वतःचंही भान नसे. मग घरच्यांच्या हवाली करत. पॉसेनियस म्हणतो, मी ऐकीव लिहीत नाहीये, मी स्वतः उतरलोय. आणि पुढं एक वाक्य, ज्यासाठी मला हा माणूस मनापासून आवडतो: काही काळानं भान परत येतं, आणि हसूही परत येतं.

आधी विसरायचं, मग आठवायचं. दोन घोट, याच क्रमानं. मला वाटत होतं आत्याला आठवणींनी ग्रासलंय. तिथल्या कॅफेत बसून कॉफी गार होईपर्यंत मी विचार करत होते की कदाचित तिला पहिला घोटच कुणी दिला नाही.

कॅलाब्रियात, म्हणजे इटलीच्या टोकाला, जिथं तेव्हा ग्रीकांची वस्ती होती, 1969 मध्ये एका बाईची कबर उघडली. इसवीसनपूर्व 400 च्या सुमाराची. तिच्या छातीवर सोन्याचा पातळ पत्रा होता, घडी घातलेला, बोटभर. त्यावर बारीक अक्षरांत सूचना होत्या. तू खाली जाशील तेव्हा एका शुभ्र सायप्रसच्या झाडाजवळ झरा दिसेल, बाकीचे जीव तिथं शांत व्हायला थांबलेले असतील, त्याच्या जवळपासही जाऊ नकोस. पुढं स्मृतीच्या तळ्यातून थंड पाणी वाहत असेल, तिथं राखणदार असतील. त्यांना सांग, मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू आहे. तहानेनं सुकून गेलोय. स्मृतीच्या तळ्यातलं पाणी मला द्या. असे पत्रे आणखीही सापडलेत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आजीचा शेवटचा दिवस डोळ्यापुढं आला. तुळशीचं पान, गडूतलं गंगाजल, आणि आईनं गळ्यातल्या पोतीचा सोन्याचा मणी तोडून तिच्या जिभेवर ठेवला तो. सोनं आणि पाणी. दोन हजार चारशे वर्षांचं आणि एका समुद्राचं अंतर, आणि माणसाला निरोप देताना दोन्हीकडच्या बायकांच्या हातात तेच आलं.

डेल्फीची शेवटची आकाशवाणी म्हणून एक कौल प्रसिद्ध आहे. चौथ्या शतकात, ज्युलियन सम्राटानं आपला वैद्य ओरिबेसियसला तिथं पाठवलं तेव्हाचा. राजाला सांगा, सुंदर घडवलेलं घर जमीनदोस्त झालंय, अपोलोला आता खोपटंही नाही, ना भविष्य सांगणारा लॉरेल, ना बोलणारा झरा. बोलकं पाणी विझून गेलंय. हे शब्द मागाहून कुणीतरी रचलेले असावेत असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि असेलही. पण ज्यानं कुणी ते लिहिलं त्याला पाणी आटलं असं लिहावंसं वाटलं नाही, विझलं असं वाटलं. आणि खरंच, पाणी आटलेलं नव्हतंच. मी प्यायले ना. पुढं त्या अवशेषांवर कास्त्री नावाचं गाव वसलं. 1892 मध्ये फ्रेंचांनी उत्खनन सुरू केलं तेव्हा ते गाव उचलून पलीकडं नेलं, आणि या सगळ्या काळात झरा अखंड वाहतोय. विझलं ते त्याला बोलतं ठेवणारं दुसरं टोक, ओणवून कान देणारं. म्हणूनच विमानतळावरचं माझं ते वाक्य मला झोपू देत नव्हतं. त्या मुलीनं मला थांबून पिऊ दिलं असतं. पाणी तिनं नाही टाकलं, मी टाकलं. आणि टाकण्याआधी त्याला साधं म्हटलं.

वाईला गेले तेव्हा पावसाची पहिली सर येऊन गेली होती. आत्या झोपाळ्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी बाटलीचं सांगितलं, ते वाक्य नाही सांगितलं. ती रागावली नाही. शेंगांचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "पण तू प्यायलीस ना?" म्हटलं, "ओंजळभर." "मग झालं तर," ती म्हणाली, आणि समोरची काकांची वेताची खुर्ची पुढं ओढली, "बस इथं. काय काय पाहिलंस ते सांग." मी सांगत गेले. कापसाची शेतं, शिशाचा पत्रा, कॅन भरणारे म्हातारेबुवा, सिकाडा. मध्ये ती फक्त एकदा थांबवून म्हणाली, "चव कशी होती?"

माझ्या तोंडावर तोच शब्द आला होता. गिळला. डोळे मिटले आणि ते पाणी पुन्हा तोंडात यायची वाट बघितली. आधी काही नाही, नुसता गारवा, दातांपर्यंत गेलेला. मग घोट उतरल्यावर जिभेवर मागं काहीतरी उरलं होतं, दगडाचं. पहिलीत असताना आम्ही पाटीवरची पेन्सिल चाटायचो, तिचं.

"ओल्या पाटीची," मी म्हटलं.

"ओल्या पाटीची," आत्या म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली, पण मला नव्हे. आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चौथी झाली, तरी ती उठली नाही.